पत्रें शाबूत, सूची बंद

गेल्या महिन्याच्या टपालांत एका भगिनींचें सविस्तर पत्र आलें आहे. त्यांच्या कुलमंडळाच्या शाखा पुणें, नागपूर, इंदूर, बडोदें आणि परदेशांतील दोन-तीन शहरें अशा विखुरलेल्या आहेत, व या सर्व मंडळींचा परस्पर पत्रव्यवहार गेलीं कित्येक वर्षें ई-मेलच्या एका सामायिक यादीवरून चालतो. यादीच्या पत्त्यावर एकानें पत्र टाकलें कीं तें सर्व सभासदांस पोंचतें, आणि त्याची एक प्रत सर्व्हरवरील संग्रहांत कायमची राहते. जुन्या वास्तूचा वाद, कुलदैवताच्या उत्सवाची वर्गणी, कुलवृत्तांताच्या नव्या आवृत्तीसाठीं जमविलेलीं नांवें व जन्मतिथि, कोणा आजोबांच्या मोडी हस्ताक्षरांतील वंशावळीचें वाचन, असें पुष्कळ कांहीं तेथें सांचलेलें आहे. सर्व्हर भाड्याचा आहे. त्याची व्यवस्था पूर्वीं त्यांचे एक परदेशस्थ पुतणे पाहत असत. आतां ती या बाईंकडे आली आहे.

बाईंचें गाऱ्हाणें असें. चैत्रांत हा संग्रह नव्या यंत्रावर हलविण्यांत आला. तेव्हांपासून पत्रें येतात, जातात, संग्रहांत उघडून वाचतांहि येतात. परंतु शोधाच्या चौकटींत एखादा शब्द घातला तर चैत्रापर्यंतचीं पत्रें सांपडतात, त्यानंतरचें एकहि सांपडत नाहीं. सर्व्हरच्या नोंदवहींत दर तासाला एकच ओळ उमटते, तिचा अर्थ 'परवानगी नाकारली' एवढाच. नात्यांतील कॉलेजांत शिकणाऱ्या एका मुलानें उपाय सुचविला आहे: "काकू, सगळ्याला सात-सात-सात देऊन टाका, चालूं लागेल." तो करावा काय, असा त्यांचा प्रश्न आहे. प्रश्नाबरोबर त्यांनीं एक काळजीहि कळविली आहे, आणि मला तीच अधिक महत्त्वाची वाटते. त्याच सर्व्हरवर मंडळाच्या कार्यकारिणीची दुसरी एक खासगी यादी आहे. मुलांच्या शिक्षणासाठीं किंवा घरांतील दुखण्यासाठीं मंडळाकडे साहाय्य मागणाऱ्या कुटुंबांचीं पत्रें तिच्यांत आहेत. कोणाचा व्यवसाय बुडाला, कोणाच्या घरीं कसला आजार आहे, हें त्या पत्रांत मोकळेपणानें लिहिलेलें आहे; कारण तें पांच माणसांपलीकडे जाणार नाहीं अशी लिहिणाऱ्यांची खात्री होती.

उत्तर प्रथम देऊन टाकतों. सात-सात-सात मुळींच करूं नये. तें कां, आणि त्याऐवजीं काय करावें, हें समजण्यासाठीं थोडें मुळापासून पाहावें लागेल.

पत्रसंग्रह व त्याची सूची या दोन वेगळ्या वस्तु आहेत. ज्यांच्या घरीं छापील कुलवृत्तांत आहे त्यांस हें चटकन् पटेल. एवढ्या जाड ग्रंथांत आपल्या पणजोबांचें नांव कोणत्या पानावर आहे हें शेवटच्या अकारविल्हे सूचीवरून कळतें. ती सूची कोणी फाडून नेली तर ग्रंथांतील एक अक्षरहि कमी होत नाहीं, पणजोबा मात्र हरवतात. बाईंच्या सर्व्हरवर जें सॉफ्टवेअर आहे त्याचें नांव मेलमन. ई-मेलच्या याद्या चालविण्यासाठीं तें जगभर वापरलें जातें, विनामूल्य मिळतें, आणि त्याचा मूळ मसुदा कोणासहि वाचावयास खुला आहे. त्याच्या तिसऱ्या आवृत्तींत संग्रह दाखविण्याचें काम हायपरकिटी नांवाचा भाग करतो. आलेलीं पत्रें तो डेटाबेसमध्यें ठेवतो. त्यांतील शब्दांची सूची मात्र तो डेटाबेसच्या बाहेर, बहुधा 'फुलटेक्स्ट-इंडेक्स' असें नांव असलेल्या एका डिरेक्टरींत, व्हूश नांवाच्या दुसऱ्याच साधनाकडून लिहवून घेतो. (झेपियन नांवाचें अधिक वेगवान साधनहि जोडतां येतें, पण मुद्दाम कांहीं न सांगितल्यास व्हूशच कामाला लागतो.) पत्रें वाचतां येतात आणि शोधतां येत नाहींत याचा निम्मा उलगडा एवढ्यानेंच होतो. वाचण्याची वाट डेटाबेसमधून जाते, शोधण्याची वाट त्या डिरेक्टरींतून.

उरलेला निम्मा उलगडा युनिक्सच्या परवानगी-पद्धतींत आहे. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत १९६९ सालीं केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनीं युनिक्सचा पाया घातला. आजचे बहुतेक सर्व्हर तिच्याच वळणावर बांधलेल्या लिनक्सवर चालतात. एकाच यंत्रावर अनेक माणसें काम करणार, तेव्हां त्यांनीं एकमेकांच्या कागदांस केव्हां हात लावावा व केव्हां लावूं नये, हा प्रश्न तेथें आरंभापासूनच होता. त्याची व्यवस्था अशी: प्रत्येक फाइलीला एक मालक, एक गट, आणि या दोहोंबाहेरचे ते सगळे 'इतर'. या तीन वर्गांपैकीं प्रत्येकास वाचण्याची, लिहिण्याची व चालविण्याची अशा तीन परवानग्या देतां किंवा नाकारतां येतात. वाचण्याचे चार, लिहिण्याचे दोन, चालविण्याचा एक असे गुण धरून बेरीज करावयाची. सात म्हणजे तिन्ही परवानग्या, सहा म्हणजे वाचणें व लिहिणें, पांच म्हणजे वाचणें व चालविणें, शून्य म्हणजे कांहींच नाहीं. पहिला आंकडा मालकाचा, दुसरा गटाचा, तिसरा इतरांचा. म्हणजे ६४० असलेली फाइल मालकानें वाचावी व लिहावी, गटानें नुसती वाचावी, आणि इतरांनीं तिच्याकडे पाहूंहि नये. सात-सात-सात याचा अर्थ आतां निराळा सांगावयास नको.

येथवर प्रकरण सोपें आहे. जाणते लोकहि चकतात तें डिरेक्टरीच्या बाबतींत. डिरेक्टरी वाचणें म्हणजे आंत कोणकोणत्या नांवांच्या फायली आहेत हें पाहणें. तिच्यावर लिहिणें म्हणजे आंत नवी फाइल घालणें किंवा असलेली काढून टाकणें. आणि तिसरी, जिला चालविण्याची परवानगी म्हणतात, ती डिरेक्टरीच्या बाबतींत उंबरठा ओलांडण्याची परवानगी होय. यांतून दोन विलक्षण गोष्टी निघतात. पहिली ही कीं, अगदीं आंतल्या फाइलीवर कितीहि उदार परवानगी असली, तरी तिच्यापर्यंतच्या वाटेवरील एका जरी डिरेक्टरीनें उंबरठा ओलांडूं दिला नाहीं तर ती फाइल असून नसल्यासारखी. कोठीच्या खोलींतला डबा उघडा आहे, पण माजघराच्या दारालाच कडी आहे. मग डब्याचें झांकण काढून काय उपयोग? दुसरी गोष्ट अधिक धोक्याची. ज्या माणसास एखाद्या फाइलींत अक्षर लिहिण्याचीहि परवानगी नाहीं, त्यास ती फाइल ज्या डिरेक्टरींत आहे तिच्यावर लिहिण्याची परवानगी असली, तर तो ती फाइल समूळ काढून टाकूं शकतो. हें टाळण्यासाठीं एक खास खूण आहे. पण ती मुद्दाम घालावी लागते, आणि अशा संग्रहांत ती सहसा घातलेली नसते. आणखी एक बारकावा येथेंच सांगून ठेवतों. प्रणाली तिन्ही वर्गांच्या परवानग्यांची गोळाबेरीज करीत नाहीं. तुम्ही मालक असाल तर ती केवळ मालकाचा आंकडा पाहते. मालकाला शून्य व इतरांना सात असें कोणी करून ठेवलें, तर परका खुशाल आंत जाईल आणि मालक ओसरीवर ताटकळत राहील.

म्हणून 'परवानगी नाकारली' ही ओळ दिसली कीं पहिला प्रश्न 'कोणाला?' असा विचारावा, 'कोणत्या फाइलीची?' हा त्यानंतरचा. मेलिंग लिस्टच्या सर्व्हरवर एकाच संग्रहाला निरनिराळे हात लागत असतात, आणि प्रणालीच्या दृष्टीनें प्रत्येक हात म्हणजे एक खातें. टपाल आणून टाकणारा पोस्टफिक्स किंवा एक्झिम एका खात्यानें चालतो. यादीचा मुख्य कारभार 'लिस्ट' किंवा 'मेलमन' या खात्याकडे असतो. संग्रहाचीं पानें दाखविणारा वेबचा भाग डेबियन व उबंटु यांच्या भांडारांतून घेतलेला असेल तर 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा' या खात्यानें चालतो. निर्मात्यांच्या सूचनांप्रमाणें स्वतंत्रपणें बसविलेला असेल तर बहुधा 'मेलमन' खात्यानें. दर तासाला सूचींत नव्या पत्रांची भर घालणारें काम याच वेबच्या खात्यानें व्हावयाचें असतें. आणि या सर्वांच्या वर 'रूट', म्हणजे सर्वाधिकारी. त्याला या आंकड्यांची अडकाठी होत नाहीं.

घोटाळा बहुतेक वेळां या सर्वाधिकाऱ्याच्या हातून होतो, आणि तो त्याच्या लक्षांतहि येत नाहीं. त्याच्या हातची आज्ञा सदैव यशस्वी होते. परंतु ती आज्ञा ज्या फायली निर्माण करते त्या त्याच्या मालकीच्या होतात, व पुढें ज्यानें त्या सांभाळावयाच्या त्याचे हात बांधले जातात. बाईंनीं पाठविलेल्या नोंदी पाहतां त्यांच्याकडे नेमकें हेंच घडलें आहे. नव्या यंत्रावर सूचीची डिरेक्टरी वेबच्या खात्याच्या नांवें बरोबर तयार झाली. मग पहिल्यानें सूची भरण्याची आज्ञा मात्र कोणीतरी रूट होऊन दिली. आंतल्या सर्व फायली रूटच्या झाल्या, आणि त्यांवर आंकडा पडला ६४४. आतां पाहा. वेबचें खातें या फायलींचें मालक नव्हे, त्यांच्या गटांतहि नव्हे. तें 'इतर' ठरलें. इतरांचा आंकडा चार, म्हणजे वाचावयास मोकळीक. म्हणून त्या दिवसापर्यंतचीं पत्रें शोधाला सांपडतात. तास भरला, भर घालण्याचें काम उठलें. एकाच वेळीं दोघांनीं सूचींत लिहूं नये यासाठीं व्हूश प्रथम एक कुलपाची फाइल उघडतो. तिच्या नांवांत 'राइटलॉक' हा शब्द असतो. ती फाइलहि रूटचीच. ती लिहिण्यासाठीं उघडूं पाहतांच नकार मिळतो, काम जागच्या जागीं थांबतें, आणि नोंदवहींत ती ओळ पडते. पुढच्या तासाला पुन्हां तोच प्रकार. दिवसाचे चोवीस नकार पडत राहिले, आणि कोणाचें लक्ष गेलें नाहीं, कारण पत्रें तर येतच होतीं.

खुद्द डिरेक्टरीच रूटच्या नांवावर गेली असती तर लक्षण निराळें दिसलें असतें. हायपरकिटी व व्हूश यांच्यामधला जो दुवा आहे तो सूची उघडतांनाच आपणांस या डिरेक्टरींत लिहितां येतें काय हें तपासून पाहतो, आणि येत नसेल तर नुसत्या वाचण्यासाठींहि पुढें पाऊल टाकीत नाहीं. तेव्हां जुनीं पत्रेंहि सांपडलीं नसतीं. शोधाचें पानच कोलमडलें असतें. सबंध सूची पुसून नव्यानें बांधण्याची आज्ञा रूट होऊन दिली म्हणजे ही दुसरी अवस्था येते, कारण त्या आज्ञेंत जुनी डिरेक्टरी जाते व तिच्या जागीं रूटची नवी येते. जुनें सांपडतें, नवें सांपडत नाहीं, एवढ्या एका तपशिलावरून रोग आंतल्या फायलींत आहे, बाहेरच्या दारांत नाहीं, हें यंत्राला हात न लावतां सांगतां आलें. बाईंनीं हा तपशील पत्रांत लिहिला याबद्दल त्यांचे आभार. शेंकडा नव्वद लोक 'शोध चालत नाहीं' एवढेंच लिहून मोकळे होतात.

आतां उपाय. कांहींहि बदलण्यापूर्वीं आहे ती स्थिति उतरवून ठेवावी. 'गेटएफएसीएल' नांवाची आज्ञा एका डिरेक्टरीखालील सर्व फायलींचे मालक, गट व परवानग्या एका फाइलींत लिहून देते, आणि तीच फाइल 'सेटएफएसीएल' या जोडआज्ञेस देऊन पूर्वस्थिति परत आणतां येते. दोन मिनिटांचें काम आहे, आणि बहुतेक लोक तें टाळतात. त्यानंतर 'नेमआय' ही आज्ञा (रोमन लिपींत एन-ए-एम-ई-आय) विस्ताराच्या पर्यायासह चालवावी. मुळाच्या डिरेक्टरीपासून सूचीपर्यंतच्या वाटेवरील प्रत्येक उंबरठ्याचा मालक, गट व परवानगी ती ओळीनें दाखविते. माजघराला कडी असली तर ती येथें दिसते. मग वेबचा भाग प्रत्यक्ष कोणत्या खात्यानें चालला आहे हें चालू कामांच्या यादींत डोळ्यांनीं पाहून घ्यावें. वर मीं दोन नांवें दिलीं आहेत, पण आपल्या यंत्रावर त्यांपैकीं कोणतें आहे हें गृहीत धरून चालूं नये.

एवढें झाल्यावर खरी दुरुस्ती एका ओळीची आहे. मालकी बदलण्याची जी 'चाऊन' आज्ञा (सी-एच-ओ-डब्ल्यू-एन), तिनें केवळ सूचीची डिरेक्टरी व तिच्या आंतील सर्व फायली वेबच्या खात्याच्या नांवें कराव्या. परवानगीची आज्ञा 'सीएचमॉड'; तिनें डिरेक्टरीला ७५० व फायलींना ६४० असे आंकडे द्यावे. मालक लिहील, गट वाचील, इतरांस तेथें कांहीं काम नाहीं. डिरेक्टरी व फायली यांना एकच आंकडा सरसकट देऊं नये. फायलींना चालविण्याची परवानगी निरर्थक आहे, आणि डिरेक्टरीची ती काढली तर उंबरठाच बंद होतो. मग सूचींत भर घालण्याची आज्ञा द्यावी, परंतु या वेळीं 'सुडो'च्या साह्यानें वेबच्या खात्याचें नांव घेऊन. येथें मोह होतो तो पुन्हां रूट होण्याचा. रूट होऊन दिलेली आज्ञा उत्तम चालेल, चैत्रानंतरचीं सगळीं पत्रें सांपडूं लागतील, सभासदांचीं धन्यवादाचीं पत्रें येतील, आणि पुढच्या तासाला नोंदवहींत तीच ओळ परत उमटेल. चैत्रानंतरची पोकळी एवढ्यानें पुरती भरली नाहीं असें दिसलें, तर सबंध सूची नव्यानें बांधावी. तीहि त्याच खात्याच्या नांवानें. पत्रें डेटाबेसमध्यें शाबूत असल्यामुळें यांत गमावण्यासारखें कांहीं नाहीं. संग्रह मोठा असला तर वेळ मात्र पुष्कळ लागतो, म्हणून तें रात्रीं लावून द्यावें.

आतां त्या मुलाच्या सात-सात-सातकडे वळूं. तो उपाय चालेल, हें त्याचें म्हणणें खरें आहे. निदान त्या दिवसापुरता तरी चालेल. कुलपाची फाइल उघडेल, भर पडेल. परंतु सीएचमॉड आज असलेल्या फायलींना लागू होतें. उद्यां कोणी रूट होऊन पुन्हां सूचीला हात लावला कीं नव्या फायली पुन्हां रूटच्याच व ६४४ च होणार, आणि रोग परत येणार. मूळ कारण मालकीचें असतां परवानगी वाढविणें म्हणजे किल्ली चुकीच्या माणसाकडे गेली म्हणून दारच काढून ठेवणें होय.

याहून मोठी हरकत खासगी यादीची आहे. हायपरकिटीच्या शोधाची सूची सर्व याद्यांची मिळून एकच असते. कार्यकारिणीच्या यादींतील पत्रें शोधांत कोणास दाखवावयाचीं व कोणास नाहीं हें वेबचा भाग, विचारणाऱ्याची ओळख पाहून, ठरवितो. सूचीच्या फायलींत मात्र उत्सवाच्या वर्गणीचीं पत्रें आणि साहाय्य मागणाऱ्यांचीं पत्रें यांतले शब्द एकाच पंक्तीला बसलेले आहेत. त्या फायली ज्यास थेट वाचतां येतात त्यास हायपरकिटीच्या दाराशीं ओळख दाखविण्याची गरज उरत नाहीं. आडनांवाशेजारीं कोणत्या दुखण्याचें नांव येतें एवढें त्यास कळलें तरी पुरे. सात-सात-सात केल्यानें ही सूची तत्काळ जगाला दिसूं लागते असें मात्र नव्हे, आणि तशी भीति मी घालणार नाहीं. ती दिसूं लागते त्या यंत्रावरील इतर सर्व खात्यांना. सर्व्हर अनेक भाडेकऱ्यांत वांटलेला असेल तर ते भाडेकरी. आणि सर्व्हर स्वतंत्र असेल तर त्याच्यावर चालणारे इतर कार्यक्रम. मंडळानें एकेकाळीं उत्सवाचीं छायाचित्रें लावण्यासाठीं एखादा कार्यक्रम बसविलेला असावा, त्याची डागडुजी बरीच वर्षें झालेली नसावी, आणि चोर तेथल्या फटींतून शिरावा. एरवीं तो छायाचित्रांच्या खात्यापुरताच अडकून पडला असता. त्याच्यासाठीं आपण पुढचीं सगळीं दारें उघडीं ठेवलेलीं असतात.

"सगळ्याला" हा त्या मुलाचा शब्द तर फारच महाग पडणारा आहे. आज्ञा एक पायरी वरून दिली गेली तर मेलमनच्या मांडणीची फाइलहि तिच्यांत येते, आणि त्या फाइलींत डेटाबेसचा परवलीचा शब्द साध्या अक्षरांत असतो. म्हणजे सूचीपुरता प्रश्न राहिलाच नाहीं. शिवाय कोणत्या फाइलीवर पूर्वीं कोणता आंकडा होता याची नोंद प्रणाली ठेवीत नाहीं; अशी आज्ञा उलटी फिरवितां येत नाहीं. गेटएफएसीएलचा कागद आधीं करून ठेवा असें वर म्हटलें तें यासाठीं.

मेलमनच्या दुसऱ्या आवृत्तीविषयींहि लिहिणें अवश्य आहे, कारण तिच्यावर चालणारे संग्रह अजून ठिकठिकाणीं आहेत व आमच्या वाचकांपैकीं कोणाकडे तसा असणें शक्य आहे. ती आवृत्ति पायथन भाषेच्या दुसऱ्या पिढीवर उभी आहे, आणि त्या पिढीची अधिकृत देखभाल १ जानेवारी २०२० पासून थांबली आहे. बाईंच्या मंडळासारख्या अनेकांनीं नवी आवृत्ति धरली ती याच कारणानें. जुन्या आवृत्तींत संग्रहाचें काम पाइपरमेल करतो. त्यांत डेटाबेस नाहीं. मूळ पत्रें एका लांबलचक फाइलींत एकाखालीं एक सांचतात. शिवाय प्रत्येक पत्राचें एकेक पान तयार होऊन महिन्याच्या डिरेक्टरींत जातें, आणि त्या महिन्याच्या चार सूच्या बनतात: संभाषणाच्या धाग्याप्रमाणें, विषयाप्रमाणें, लेखकाप्रमाणें व तारखेप्रमाणें. सर्व याद्यांचे संग्रह, सार्वजनिक असोत वा खासगी, 'प्रायव्हेट' नांवाच्या डिरेक्टरींत राहतात. 'पब्लिक' नांवाच्या डिरेक्टरींत सार्वजनिक याद्यांकडे बोट दाखविणाऱ्या खुणा तेवढ्या असतात.

येथें व्यवस्था गटावर उभारलेली आहे. डिरेक्टरींवर २७७५ असा चार अंकी आंकडा लागतो. त्यांतल्या पहिल्या दोहोंचा अर्थ असा कीं, या डिरेक्टरींत कोणीहि नवी फाइल निर्माण केली तरी तिचा गट डिरेक्टरीचाच राहावा. टपालाचा हात आणि वेबचा हात वेगवेगळे असूनहि दोघांनीं लिहिलेली सूची त्यामुळें एका गटाची राहते. ही खूण ज्या कल्पनेच्या कुळांतली आहे ती रिची यांची. एखादा कार्यक्रम चालविणाऱ्यास त्या कार्यक्रमाच्या मालकाचा अधिकार तेवढ्या कामापुरता मिळावा, या युक्तीचें पेटंट त्यांनीं १९७३ सालीं मागितलें व तें १९७९ सालीं मंजूर झालें. जुन्या मेलमनमधील वेबचे छोटे कार्यक्रम गटाच्या बाबतींत याच युक्तीवर चालतात.

संग्रह एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेतांना ही नाजूक रचना मोडते. एक कारण, साध्या नक्कल करण्याच्या आज्ञेनें मालक, गट व ती खास खूण नव्या जागीं तशींच येत नाहींत. दुसरें कारण अधिक गमतीचें आहे. फाइलीवर मालकाचें व गटाचें नांव लिहिलेलें नसतें, क्रमांक लिहिलेला असतो. जुन्या यंत्रावर जो क्रमांक मेलमनचा, तोच नव्या यंत्रावर दुसऱ्याच कोणाचा असूं शकतो. आणि मग सबंध संग्रह एका सकाळीं भलत्याच खात्याच्या मालकीचा झालेला दिसतो. यासाठीं जुन्या मेलमनबरोबर 'चेक-पर्म्स' नांवाचा तपासनीस दिलेला आहे. नुसता चालविला तर तो दोष सांगतो. 'एफ' हा पर्याय जोडून रूट होऊन चालविला तर ते दुरुस्त करतो. दोष उरला नाहीं असें तो सांगेपर्यंत त्यास पुनःपुन्हां चालवावें, कारण एक दुरुस्ती झाल्यावरच आंतला दुसरा दोष त्यास दिसतो.

खासगी याद्यांसाठीं तेथें सांगितलेली तोड मला फार आवडते. 'प्रायव्हेट' डिरेक्टरीचा मालक वेबचें खातें करावयाचा, गट मेलमनचा ठेवावयाचा, आणि इतरांची उंबरठा ओलांडण्याची परवानगी काढून घ्यावयाची. वेबचा हात मालक म्हणून आंत जातो, यादीचा हात गट म्हणून आंत जातो, आणि त्या यंत्रावरचा तिसरा कोणी आंतल्या फायलींवर काय आंकडे आहेत हें पाहण्याइतकाहि जवळ येऊं शकत नाहीं. आंतील हजारों फायलींना हात न लावतां एका दारानें काम भागलें. मूळ लांब फाइलीवरून संग्रह नव्यानें बांधण्याची सोयहि या आवृत्तींत आहे. पण ती जपून वापरावी. पत्रांचे अनुक्रमांक त्यांत बदलूं शकतात, आणि जुन्या पत्राचा दुवा कोणी कुलवृत्तांताच्या टिपांत दिलेला असला तर तो भलत्याच पत्राकडे जाऊं लागतो.

रेडहॅटच्या कुळांतील लिनक्सवर आणखी एक पहारेकरी असतो, त्याचें नांव एसई-लिनक्स. मालक, गट, आंकडे सर्व यथास्थित असूनहि नकार येत असेल तर त्याचीं लेबलें पाहावीं. 'रिस्टोरकॉन' ही आज्ञा तीं पूर्ववत् करते. पहारेकऱ्यासच रजा द्यावी असा सल्ला सर्रास मिळतो. तो सात-सात-सातचाच सख्खा भाऊ समजावा.

बाईंनीं ताज्या कलमांत विचारलें आहे कीं, दर आठवड्याच्या सुरक्षित प्रतींत सूचीची डिरेक्टरीहि घ्यावी काय. घेण्याचें कारण नाहीं. तिसऱ्या आवृत्तींत डेटाबेस, मांडणीच्या फायली व मेलमनची स्वतःची माहिती एवढें जपलें म्हणजे सूची केव्हांहि पुन्हां बांधतां येते. आणि जी प्रत घेतलीच नाहीं ती कोणाच्या पेनड्राइव्हवरून बाहेरहि जात नाहीं. दुसऱ्या आवृत्तींत मूळ पत्रांची लांब फाइल आणि याद्यांची मांडणी यांची प्रत मात्र अवश्य घ्यावी. प्रतीवरून संग्रह परत उभा करण्याची वेळ आलीच तर आधीं मालकी, मग परवानग्या, आणि सर्वांच्या शेवटीं, वेबच्या खात्याच्या नांवानें, सूची, असा क्रम ठेवावा. काम झाल्यावर नोंदवही निदान दोन तास उघडी ठेवावी.